एकदा म्हणजे हो

"वहिनी, चहा अजून घोटभर मिळंल का?"

इस्माईल मिस्त्रींनी विचारलं तेव्हा मी पूजेची फुलं तोडत होते. परडी डाव्या हातात होती. मी उजवं मनगट हलवलं. बांगड्या एकदा वाजल्या.

मिस्त्री थापी तशीच हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. आपलं काही चुकलं की काय, असा चेहरा.

"एकदा वाजली म्हणजे हो," आमचे हे खुर्चीतून म्हणाले. "दोनदा वाजली म्हणजे नाही. नैवेद्य होईपर्यंत ती बोलत नाही. मौन असतं."

"रोज?"

"रोज."

"आमच्यात रोजा असतो तसं म्हणा की." मिस्त्रींनी मान हलवली. "पण रोज्यात बोलायला मुभा हाय. माझ्या घरात असा नेम कुणी धरला ना साहेब, तर मी आख्ख्या गल्लीत साखर वाटीन."

हे हसले. पुष्कळ दिवसांनी हसले. मी आत जाऊन चहा ठेवला.

"किती वर्सं झाली नेमाला?" मिस्त्रींचा प्रश्न मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

हे म्हणाले, "ओळंबा धरा जरा. खांब डावीकडे झुकतोय."

सात वर्षं झाली होती.

हे पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. फलटणला आमचं घर होतं, कालव्यापासून हाकेच्या अंतरावर. तीस-बत्तीस वर्षं यांनी एकच काम केलं, पाणी सोडायचं आणि पाणी बंद करायचं. शेतकरी दाराशी उभे राहायचे आणि विचारायचे, साहेब, पाणी कधी सोडणार. निवृत्त झाल्यावर दोन महिने हे व्हरांड्यात नुसते बसून होते. मग एके दिवशी फक्कीची पिशवी घेऊन आले, बागेत फाटकाजवळ पांढरा गोल आखला आणि म्हणाले, "इथे कारंजं."

मी कारण विचारलं नाही. आमच्या घरात कारणं विचारायची सवय तोवर मोडली होती.

नीरा आमची एकुलती एक. कालव्याच्याच नावावरून यांनी तिचं नाव ठेवलं होतं. तिने अकलूजकडच्या साखर कारखान्यातल्या एका केमिस्टशी लग्न केलं. मुलगा शांत, मामाने वाढवलेला, पुढे मामाही गेला, मागेपुढे कोणी नाही. आमच्यातला नव्हता. नोंदणी करून तिने तार केली. तार वाचून हे मागच्या अंगणात गेले, नळाखाली बसले आणि अंगातल्या कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घेतलं. घरातलं माणूस गेल्याची बातमी आली की करतात, तशी आंघोळ. डोकं पुसत आत आले आणि म्हणाले, "वाढ."

मी वाढलं. ते जेवले.

त्यानंतर तिचं नाव घरात निघालं नाही. तिची दोन पत्रं आली. यांनी ती न फोडता परत पाठवली. तिसरं आलं नाही. अकलूज आमच्यापासून एसटीने दोन तासांवर. पण मला एकटीने गाडीत बसून कुठे जायचं ठाऊक नव्हतं आणि यांना न विचारता उंबरा ओलांडायचंही नव्हतं.

मला भांडता येत नाही. मी देवापुढे बसले, पळीभर पाणी हातावर घेतलं आणि संकल्प सोडला. नीराचं पाऊल या घराला लागेपर्यंत, सकाळी उठल्यापासून नैवेद्य होईपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. देवाला आणखी काय द्यायचं ते मला सुचलं नाही. माझ्याजवळ शब्दच होते, तेही थोडे.

बांगडीची खूण मात्र नीराची. ती सहा वर्षांची असताना मी चातुर्मासात मौनाने जेवायचे. तिला ते सोसायचं नाही. ताटासमोर बसून ती शंभर प्रश्न विचारायची. शेवटी तिनेच तोड काढली. "आई, तू बोलू नकोस, पण बांगडी वाजव. एकदा म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही. तीनदा म्हणजे, नीरा, गप्प बस."

तिसरी खूण मी फार वापरली.

कारंज्याचं काम तीन आठवडे चाललं. आधी गोल हौद, मध्ये खांब, खांबावर कमळाच्या पाकळ्यांसारख्या दोन थाळ्या, एक मोठी, एक लहान. थाळ्या मिस्त्रींनी स्वतः साच्यात घातल्या. रोज संध्याकाळी त्यांच्यावर ओलं पोतं टाकून जायचे आणि मला बजावायचे, "वहिनी, दुपारी एकदा पाणी मारा. सिमीटाला तहान लागू देऊ नका."

हौदावरून मात्र दोघांचं रोज वाजायचं.

"साहेब, दोन फूट तरी खोल घ्या की. वीतभर पाण्यात कसलं कारंजं? मोटर कोरडी पडून जळंल."

"मोटरीसाठी बाजूला खड्डा करा. वर लोखंडी जाळी बसवा. हौद वीतभरच."

"लोक हसत्याल. म्हणत्याल, इस्माईलनं परात बांधली."

"हसू देत. लहान मूल पडलं तरी पाणी त्याच्या गुडघ्याच्या वर जाता कामा नये. आणि काठ गोल करा. कोपरा कुठे राहायला नको."

"लहान मूल कुणाचं वो साहेब?"

"बाग आहे," हे म्हणाले. "येतं कोणी."

मी तेव्हा तुळशीला पाणी घालत होते. ऐकलं आणि सोडून दिलं. यांनी आयुष्यभर कालव्यावर काढलं, वाहून गेलेली पोरंही पाहिली असतील. त्याचंच काही मनात असेल, असं मला वाटलं.

एकदा दुपारी, मौन सुटल्यावर, मी मिस्त्रींना विचारलं, "एवढं पाणी रोज कुठून आणायचं हो? नळ तर तासभर येतो."

"रोज कशाला? एकदा भरायचं. तेच पाणी खाली पडतं, मोटर तेच परत वर फेकती. ह्यात नवं काय येत न्हाई, वहिनी, आन जुनं काय जात न्हाई."

"मग शिळं होत नाही?"

मिस्त्री हसले. "ते तुमच्या देवाला घालू नका म्हंजी झालं. बघायला चालतंय."

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार होता. मी पहाटे उठून घट मांडला होता. पाच झाडांच्या डहाळ्या, वर नारळ, समोर फळं. पूजा झाली होती, पोथी वाचून झाली होती, आरती आणि नैवेद्य तेवढा राहिला होता. दूध गरम होत होतं. बाहेर मिस्त्री मोटरीची जोडणी करत होते. त्या दिवशी पहिल्यांदा पाणी उडवून बघायचं होतं. हे हौदाच्या काठाशी उभे होते आणि तोटी तिरकी बसली आहे म्हणून मिस्त्रींना सांगत होते.

फोन वाजला.

आमचा फोन बैठकीच्या खोलीत, बागेकडच्या खिडकीखाली होता. मौनात मी तो घेत नसे. पण तो वाजतच राहिला आणि यांनी बाहेरून हाक मारली, "अगं, उचल तरी. माझे हात भरलेत."

मी उचलला.

पलीकडून कुठल्या तरी रस्त्याचा आवाज येत होता, ट्रकचा, मग सायकलच्या घंटीचा.

"आई?"

मी भिंतीला हात लावला.

"आई, मी नीरा."

सात वर्षांत तो आवाज जरा जाड झाला होता. बाकी तोच. मला वाटतं तिला माझा श्वास ऐकू आला असावा. ती जराशी हसली.

"मौन आहे का तुझं? अजून?"

मी बांगडी वाजवली. एकदा.

"बरं, नको बोलूस. मी बोलते. बूथवर मागे माणसं उभी आहेत, भराभर सांगते. यांना आफ्रिकेत नोकरी लागलीय. साखर कारखान्यातच. आम्ही उद्या निघतोय, अकलूजहून पुण्याला, तिथून मुंबई, परवा विमान. पुन्हा कधी येणं होईल माहीत नाही." ती थांबली. "आई, मला मुलगी आहे. चार वर्षांची. तुझ्यासारखं कपाळ आहे."

दूध उतू जाण्याचा वास आला. मी हलले नाही.

आता मी याचा विचार करते तेव्हा लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. बोलायचं होतं. एक शब्द बोलायचा होता. पण त्या वेळी मला जे वाटलं ते असं, की हा आवाज माझ्या नेमानेच ओढून आणला आहे. सात वर्षं मी दोर धरून बसले होते आणि दोराच्या टोकाशी ती दिसत होती. नेमका त्याच घडीला मी दोर सोडायचा? देव देत होता. मागे घट मांडलेला होता. तासाभराचा प्रश्न होता. आणि खूण होती की. तिनेच शिकवलेली.

"गाडी साडेअकराला फलटणला थांबते," नीरा म्हणाली. "दहा मिनिटं. बाबांचं मला माहितीये. म्हणून तुला विचारते. तू म्हणालीस तर उतरू. पोरगी तुम्हाला दाखवते आणि चारच्या गाडीने पुढे जातो. तू नको म्हणालीस तर मी रागावणार नाही, आई. खरंच नाही. सांग. उतरू का?"

मी मनगट फोनजवळ नेलं आणि बांगडी वाजवली.

त्याच क्षणी बाहेर यांचा आवाज आला, "सोडा पाणी." मोटर घरघरली, आणि पाणी उंच उडून दोन्ही थाळ्यांवरून हौदात कोसळलं. खिडकी उघडी होती. खोलीभर तोच आवाज झाला.

पलीकडे शांत होतं. तिला ऐकू गेलं नसेल, असं मला वाटलं. मी हात आणखी जवळ नेला, बांगडी फोनला टेकवली आणि पुन्हा वाजवली. जोरात.

पलीकडून एक ट्रक गेला.

मग ती म्हणाली, "बरं."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "बरं, आई. तब्येतीला जप."

फोन ठेवल्याचा आवाज आला. मी बाहेर पाहिलं. पाणी चांगलं वीस फूट उडत होतं असं मला वाटलं, पण पाच-सहा फूटच असेल. मिस्त्री दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत होते. हे ओले झाले होते आणि बाजूला सरकत नव्हते.

मी आत जाऊन उतू गेलेलं दूध पुसलं आणि नैवेद्यासाठी दुसरं तापवलं.

दुपारी यांना वाढताना मी सांगितलं. माझा त्या दिवशी उपास होता, मी समोर नुसती बसले होते.

"नीराचा फोन होता."

यांचा घास हातात राहिला. सात वर्षांत ते नाव त्या भिंतींमध्ये पहिल्यांदा उच्चारलं गेलं होतं. काहीही होईल, असं मला वाटलं होतं. काही झालं नाही.

"ती परदेशी चाललीय. उद्या साडेअकराच्या गाडीने फलटणवरून जाणार. उतरू का विचारत होती."

"तू काय म्हणालीस?"

"मौन होतं. बांगडी वाजवली."

"मग?"

"बरं म्हणाली."

यांनी भात कालवला. मग म्हणाले, "बरं."

"तिला मुलगी आहे," मी म्हणाले. "चार वर्षांची."

"साडेचार," हे म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते ताटाकडे बघत होते. अकलूजकडे यांच्या हाताखाली काम केलेले पुष्कळ पाटकरी होते. कालव्याचं पाणी सोडणारी ती माणसं सणासुदीला यांना भेटायला यायची, व्हरांड्यात बसून हळू आवाजात बोलायची. मी चहा देऊन आत जायचे. मी कधी कान दिला नव्हता.

जेवण झाल्यावर हे बाहेर गेले. मला खिडकीतून ऐकू आलं.

"मिस्त्री, आतून निळा रंग उद्या सकाळपर्यंत व्हायला हवा."

"साहेब, सिमीट ओलं हाय. आठ दिवस रंग धरत न्हाई."

"नाही धरला तर नाही धरला. सकाळी दिसला पाहिजे."

शुक्रवारी मी तीनला उठले. नैवेद्य नऊच्या आत व्हायला हवा होता, म्हणजे गाडी येईल तेव्हा मला बोलता आलं असतं. घटाची उत्तरपूजा केली, डहाळ्या बागेत नेऊन ठेवल्या, कलशातलं पाणी घरभर शिंपडलं. गव्हल्यांची खीर केली. नीराला ती गार लागायची, म्हणून आधी करून ठेवली. साडेआठला नैवेद्य दाखवला. मग देवापुढेच बसून मी एकदा म्हणून बघितलं, "ये गं." आवाज नीट आला.

दारात तांब्याभर पाणी आणि ओवाळून टाकायला भाकरतुकडा झाकून ठेवला. फार दिवसांनी कोणी घरी आलं की ओवाळून टाकतात, तो.

यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. खुर्ची हौदाजवळ आणून बसले होते. स्टॅंडवर जाऊन थांबायचं का, असं मी विचारलं. म्हणाले, "तिला घर माहीत आहे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तिने दारातून यावं." मला कळलं. आपण गेलो तर आणायला गेलो असं होईल, तिने यावं तर ती आली असं होईल. यांचं तेवढंच उरलं होतं. मीही ते मोडायला गेले नाही.

हौदाला रात्रीतून लावलेला निळा रंग जागोजाग सुटला होता. पाण्यावर त्याचे पापुद्रे तरंगत होते. मिस्त्री पंच्याने ते गोळा करत होते.

"पाव्हणे कधी येणार?"

"साडेअकरा," हे म्हणाले. "रिक्षाने धरलं तर पावणेबारा."

अकरा वाजता यांनी कारंजं सुरू करायला सांगितलं. साडेअकराला कालव्याच्या पुलावरून एसटी गेल्याचा आवाज आला. आमच्याकडे तो नेहमी यायचा. पावणेबाराला एक रिक्षा गल्लीत शिरली आणि पुढच्या घरी थांबली. बारा वाजले. पाणी वर जात होतं आणि खाली पडत होतं. साडेबारा. गाडीला उशीर झाला असेल, मी म्हणाले. एकला पुलावरून आणखी एक एसटी गेली.

मी पायरीवर बसले होते. उन्हाने पायरी तापली होती, पण मी उठले नाही. मला काही वाटत नव्हतं. पाय बधिर होतो तसं सगळं अंग झालं होतं, आहे ते ठाऊक आहे पण लागत नाही.

दीडच्या सुमाराला मिस्त्री हात धुऊन आले.

"वहिनी, मी जेवायला जाऊन येतो. हे चालू ठेवू का?"

चालू ठेवा, असं मला म्हणायचं होतं. कोणी येईल तेव्हा चालू असलेलं बरं. माझं मौन सकाळीच सुटलं होतं, पण शब्द येईना. मी सवयीने बांगडी वाजवली. मिस्त्री मोटरीकडे तोंड करून चालले होते, पाण्याचा आवाज मोठा होता, त्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटलं. मी पुन्हा वाजवली.

त्यांनी वाकून मोटर बंद केली.

पाणी थाळ्यांवरून ओघळलं आणि थांबलं. एकदम इतकं शांत झालं की पलीकडच्या गल्लीतला रेडिओ ऐकू येऊ लागला.

"बंद कशाला केलीत?" हे म्हणाले.

"वहिनी नको म्हणाल्या की."

"मी हो म्हणाले होते," मी म्हणाले. आता शब्द आला. "पहिली ऐकू गेली नसेल असं वाटलं, म्हणून पुन्हा वाजवली."

"न्हाई, न्हाई, दोन्ही ऐकल्या," मिस्त्री म्हणाले. "पाण्याचा आवाज जाड असतो, वहिनी. काचंचा बारीक. बारीक आवाज त्यातनं बरोबर येतो. दोन वाजल्या. दोन म्हंजी नको, साहेबांनीच तर सांगितलं व्हतं." त्यांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. "करू का परत चालू?"

यांनी हातानेच त्यांना थांबवलं.

हे माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. सातबाऱ्याचा नंबर विचारावा तसा.

"काल किती वेळा वाजवलीस?"

"दोनदा."

"का?"

"तुम्ही पाणी सोडलंत. आवाज झाला. मला वाटलं..."

पुढचं माझं मलाच कळलं. पाण्याने पहिली बांगडी बुडवली असती तर तिला एकच ऐकू गेली असती, आणि ती उतरली असती. तिने दोन्ही ऐकल्या. एक, आणि मग विचार करून, जोर लावून, दुसरी.

हे उभे राहिले. इस्त्रीचा सदरा पाठीमागे खुर्चीला चिकटून चुरगळला होता. "सोडा पाणी मीच म्हणालो," ते म्हणाले. मग फाटक उघडून स्कूटरवरून स्टॅंडला गेले. गाडी दोन तासांपूर्वी गेली होती. कंडक्टरही तिच्याबरोबर पुढे गेला होता. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला एक बाई, एक गृहस्थ आणि एक लहान मुलगी आठवत नव्हती. रोज किती येतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकलूजला गेलो. मी पहिल्यांदाच. घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, सामान विकलं, भांडी वाटून टाकली. नीराने तिला एक पितळी डबा दिला होता, तो तिने आणून दाखवला. आफ्रिकेत कुठे ते तिला माहीत नव्हतं. कारखान्यात म्हणाले, राजीनामा दिला, पत्ता ठेवला नाही. शेजारीण मला म्हणाली, "तुम्ही आई ना? त्या दिवशी फोन करून आल्या तेव्हा गप्प होत्या. मी विचारलं, काय म्हणाल्या आई? तर म्हणाल्या, आई काही म्हणाली नाही."

परतताना गाडीत हे खिडकीशी बसले होते आणि मी त्यांच्या शेजारी. नातेपुते आलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "पाणी पितेस?" मी मनगट उचललं आणि परत मांडीवर ठेवलं. "नको," मी म्हणाले.

घरी आल्यावर यांनी मोटर उपटली, पोत्यात बांधली आणि माळ्यावर टाकली. मिस्त्रींना पूर्ण मजुरी देऊन वर धोतरजोडी दिली. मिस्त्री घेत नव्हते. आपलं काय चुकलं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि चुकलं काहीच नव्हतं. हौद तसाच राहिला. पावसाचं पाणी त्यात साठतं, वीतभर. चिमण्या अंघोळ करतात. भाकरतुकडा मी त्याच संध्याकाळी त्यांना टाकला होता.

हे त्यानंतर अकरा वर्षं होते. आम्ही चांगले राहिलो. एकमेकांना दोष दिला नाही. दोघांचा सारखाच होता, वाटून घेण्यासारखा नव्हता. गेले त्या दिवशी सकाळी म्हणाले, "हौदाचा काठ गोल केला ते बरं केलं." एवढंच.

याला आता सत्तावीस वर्षं झाली. भाच्याने मध्यंतरी मोबाइलवर शोधलं. त्या नावाच्या पुष्कळ जणी निघाल्या. त्याने एकेकीचा फोटो मोठा करून मला दाखवला. मी कपाळं बघत होते.

नेम मी सोडला नाही. नीराचं पाऊल घराला लागलेलं नाही, तेव्हा नेम चालू आहे. सकाळी नैवेद्य होईपर्यंत मी बोलत नाही. फक्त बांगड्या काढून ठेवल्या. हे गेल्यावर काढल्या असं लोकांना वाटतं. मी त्याआधीच काढल्या होत्या, अकलूजहून आल्यावर, आणि यांनी का म्हणून विचारलं नव्हतं.

आणि नेमात एक फट ठेवली आहे. ती देवाला सांगून ठेवली आहे. फोन वाजला तर, पूजा चालू असली तरी, घट मांडलेला असला तरी, मी उठते. पंखा बंद करते, खिडकी लावते, मग उचलते. हॅलो म्हणत नाही. कोण आहे विचारत नाही. गॅसवाला असतो, बँकेची मुलगी असते, कोणी चुकून लावलेला असतो. ते गोंधळतात. एक जण हसून म्हणाला, आजी, कुठे येऊ?

मी उचलते आणि म्हणते, "ये."

एकदाच म्हणते.